शीर शिवली, आता स्प्लिंट सांभाळा

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांसाठी.)



या कार्यक्रमात आपण बियाणं, खतं, फवारणी, जनावरांचे आजार यांची माहिती ऐकता. आज एका निराळ्याच अवजाराबद्दल बोलायचं आहे. हे अवजार कुठल्या दुकानात मिळत नाही आणि मोडलं तर त्याचे सुटे भागही मिळत नाहीत. ते अवजार म्हणजे तुमचा हात.

आपल्याकडे हात कापायला निमित्त कमी नाही. कृष्णाकाठी ऊसतोड सुरू झाली की डाव्या हाताने उसाचं टिपरू धरायचं आणि उजव्या हाताने कोयता मारायचा. घाव चुकला की डाव्या हाताच्या बोटावर येतो. तासगाव, मिरज, पलूस भागात द्राक्षाच्या छाटणीची कात्री. घरोघरी कडबाकुट्टी. भांगलणीला खुरपं, कापणीला विळा, गुऱ्हाळावर चरक. जखम लहान दिसते, रक्त थांबतं, वरची कातडी शिवली जाते आणि गडी कामाला लागतो. पंधरा दिवसांनी लक्षात येतं की बोट वाकतच नाही. मग कोयत्याची मूठ धरता येत नाही आणि धारही काढता येत नाही.

अशा बोटाची आतली शीर शिवता येते. पण शिवून झालं म्हणजे काम संपलं असं नाही. निम्मं काम सर्जन टेबलावर करतो, उरलेलं निम्मं तुम्ही घरी करायचं असतं, आणि ते सुमारे बारा आठवडे चालतं. या बारा आठवड्यांविषयीच आज सांगणार आहे.

शीर म्हणजे नेमकं काय?

आपण बोलताना सगळ्यालाच शीर म्हणतो. रक्त वाहतं तीही शीर, मुंग्या येतात तीही शीर. हातात मात्र तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक रक्तवाहिनी, जिच्यातून रक्त जातं. दुसरी नस, जिच्यामुळे गरम-गार कळतं. आणि तिसरी कंडरा. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. पांढरी, चिवट, दोरीसारखी असते. बोट वाकवते ती हीच.

जुन्या जाणत्या मंडळींना विहिरीवरची मोट आठवत असेल. बैल धावेवर चालायचे, नाडा चाकावरून ओढला जायचा आणि मोट वर यायची. बैल एकीकडे, मोट दुसरीकडे, मध्ये नाडा. हाताचंही तसंच आहे. बोटाला वाकवणारे जोरकस स्नायू बोटात नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात. ते झाले बैल. तिथून कंडरेचा नाडा मनगटातून, तळहातातून बोटात जातो. मोटेला जसे नाडा आणि सोंदूर असे दोन दोर, तशाच चारही बोटांना वाकवणाऱ्या दोन-दोन कंडरा असतात. एक मधलं पेर वाकवते, दुसरी शेवटचं पेर वाकवते. अंगठ्याला मात्र एकच. बोट सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवरून जातात.

नाडा तुटला तर बैल कितीही ओढोत, मोट विहिरीतच राहणार. आणि तुटलेला नाडा जसा झटक्याने मागे येतो, तसं कंडरेचं तुटलेलं टोक आक्रसून तळहातात, कधी मनगटापर्यंत मागे जातं. म्हणून जखम बोटावर असली तरी ते टोक शोधायला सर्जनला तळहात उघडावा लागतो. घरी बोट बांधून ठेवलं तर ही टोकं आपोआप जुळत नाहीत.

कंडरा तुटली हे कसं ओळखायचं?

हात मांडीवर उताणा, सैल ठेवा. सगळी बोटं थोडी थोडी वाकलेली दिसतील. एकच बोट काठीसारखं ताठ राहिलं असेल तर संशय घ्या. मग एकेक पेर हलवून पाहा. शेवटचं पेर वाकत नसेल किंवा मधलं वाकत नसेल, तर कंडरा तुटली असण्याचा संभव आहे. जोर लावून पाहू नका, कारण अर्धवट कापलेली कंडरा जोराने पूर्ण तुटते. बोटाच्या एका बाजूला बधिरपणा असेल तर नसही कापली असेल. जखम किती लांब आहे यावर जाऊ नका. कोयत्याचं टोक अर्धा इंच जागेतही कंडरा कापून जातं.

कापल्या वेळी काय करावं, काय करू नये

स्वच्छ फडकं जखमेवर दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचलून ठेवा. बहुतेक रक्तस्राव एवढ्यानेच थांबतो. बोटात अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा. सुतळीने किंवा दोऱ्याने बोट करकचून बांधू नका. बोट पूर्ण तुटून पडलं असेल तर तो तुकडा स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकायचा नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सांगली ही हळदीची पेठ. हळद आपल्या घरात देवाला, दुधाला, जखमेला, सगळ्याला लागते. पण कंडरा तुटलेल्या खोल जखमेत हळद भरू नका. चुना, तंबाखू, रॉकेल, शेण तर मुळीच नको. सर्जनला ती जखम आधी खरवडून धुवावी लागते, आणि आत घाण राहिली तर पू होतो. पू झाला की शिवलेली कंडरा टिकत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. दवाखान्यात पोचेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका, कारण भूल द्यावी लागेल.

गाडीसाठी १०८ क्रमांक आहे. जवळच्या दवाखान्यात रक्त थांबवून घ्या आणि तिथे एवढंच विचारा, "डॉक्टर, आतली शीर तुटली आहे का?" तुटली असेल तर हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे जायला हवं. मिरज आणि सांगलीची शासकीय रुग्णालयं, कराडचं कृष्णा रुग्णालय, साताऱ्याचं सिव्हिल, यांपैकी जवळ पडेल तिथे चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पहिल्या काही दिवसांत शिवलेली कंडरा सगळ्यात चांगली जुळते. "ऊस गेला की बघू" असं म्हणून तीन-चार आठवडे घालवले तर टोकं आक्रसतात, नळी मिटते. मग दुसरीकडची कंडरा काढून बसवावी लागते, कधी दोन वेळा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तरी पहिल्यासारखा गुण येत नाही.

स्प्लिंट म्हणजे खोडा नव्हे, दावं

शस्त्रक्रियेनंतर हाताला स्प्लिंट लावतात. स्प्लिंट म्हणजे हाताच्या मापाने बनवलेली, पट्ट्यांनी बांधायची आधाराची फळी. कधी ती प्लास्टरची असते. कधी गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकची असते. ती हातावर ठेवून साचा घेतात आणि थंड झाली की घट्ट होते.

तळहाताच्या बाजूची, म्हणजे बोट वाकवणारी कंडरा शिवली असेल तर स्प्लिंट हाताच्या पाठीवर बसते. कोपराच्या खालपासून बोटांच्या टोकांपर्यंत हातावर छप्पर घातल्यासारखी. मनगट सरळ किंवा किंचित वाकलेलं, बोटं मुळापाशी तळहाताकडे झुकलेली. घरची माणसं हे बघून घाबरतात. "हात वाकडाच बसवला की काय?" म्हणतात. शेजारचा एखादा येऊन बोट ओढून सरळ करू पाहतो. असं कुणालाही करू देऊ नका. नाडा शिवला आहे, त्याच्यावर ताण येऊ नये म्हणून हात मुद्दाम झुकवून ठेवला आहे.

आता इथे खरी मेख आहे. कंडरा हलू दिली नाही तर ती आजूबाजूला चिकटते. सायकलच्या ब्रेकची तार तिच्या नळीत असते ना, तशी बोटातली कंडरा नळीतून सरकते. सायकल वर्षभर कोपऱ्यात उभी ठेवली तर तार नळीत गंजून बसते आणि ब्रेक लागत नाही. कंडरेचंही तसंच होतं. पण जोराने हलवली तर शिवण तुटते. म्हणजे बांधून ठेवली तर चिकटते, मोकळी सोडली तर तुटते.

आंब्याचं किंवा द्राक्षाचं कलम बांधल्यावर आपण जोड हलू देत नाही. कंडरेचा जोड कलमासारखा जपायचा, पण कलमासारखा निश्चल ठेवायचा नाही. त्याला रोज थोडं, ठरलेल्या मापात सरकवायचं. म्हणून स्प्लिंटला दाव्यासारखी समजा. दाव्याला बांधलेली गाय दाव्याच्या लांबीइतकी फिरते, पण पिकात शिरत नाही. स्प्लिंटमध्ये बोट आतल्या बाजूला वाकू शकतं. बाहेरच्या बाजूला मात्र छप्पर त्याला अडवतं.

हे शहाणपण डॉक्टरांनाही सहज आलेलं नाही. तळहाताच्या पुढच्या भागापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतची जागा इतकी अडचणीची की पूर्वीचे सर्जन तिथे ताजी कंडरा शिवायलाच नको म्हणत. दोन फौजांच्या मधली ओसाड जागा, जिथे कुणी पाऊल टाकू नये, असं तिला नाव पडलं होतं. १९६७ साली अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरातले डॉ. क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जागेतही ताजी कंडरा शिवून, नखाला रबर लावून, स्प्लिंटच्या आत बोट हलतं ठेवून चांगला गुण दाखवला. १९७५ साली डॉ. ड्युरान आणि डॉ. हाउझर यांनी दुसऱ्या हाताने बोट अलगद हलवण्याची पद्धत मांडली. त्यांचं म्हणणं असं, की कंडरा तीन ते पाच मिलिमीटर सरकली तरी चिकटणं टळतं. तीन ते पाच मिलिमीटर म्हणजे साधारण ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर! एवढ्या दाण्याएवढ्या हालचालीवर बोटाचं भवितव्य अवलंबून असतं.

फलटणशी असलेलं नातं

हाताला पुन्हा कामाला लावण्याच्या या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. व्यायाम आणि शेक देणारे भौतिकोपचार तज्ज्ञ आणि स्प्लिंट बनवून रोजच्या कामाकडे हात परत नेणारे व्यवसायोपचार तज्ज्ञ, हे दोघे या कामातले जोडीदार.

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. जुळी कोकरं देणाऱ्या 'नारी सुवर्णा' मेंढीमुळे मेंढपाळांनाही ठाऊक आहे. ती १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी काढली. त्यांच्या आई कमला निंबकर. जन्माने अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांनीच १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. १९५२ साली या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं. तेव्हा दवाखान्यात कुणी स्प्लिंट बनवायला बसलं तर हे काही परकं खूळ समजू नका. लेकाने शेतीची सेवा केली, आईने हाताची. दोन्ही कामं शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

आठवड्यांचा हिशोब

द्राक्ष बागायतदार छाटणीपासून दिवस मोजतो. कितव्या दिवशी डोळे फुटले, कितव्या दिवशी विरळणी, सगळं त्याच्या वहीत असतं. तसाच शस्त्रक्रियेपासून दिवसांचा हिशोब ठेवा. पुढे सांगतो तो सर्वसाधारण क्रम आहे, बोट वाकवणाऱ्या कंडरेचा. जखम कशी आहे, शिवण किती मजबूत आहे, यावर तुमचे सर्जन यात फरक करतील. त्यांचा शब्द प्रमाण माना.

पहिला आठवडा. हात उशीवर, छातीपेक्षा वर ठेवा. गळ्यात झोळी करून दिवसभर लोंबता ठेवू नका. खांदा आणि कोपर मात्र हलवत राहा, नाहीतर ते आखडतात. बोटाचा व्यायाम बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून सुरू करतात.

दुसरा आणि तिसरा आठवडा. दुखणं कमी होतं, सूज उतरते, टाके निघतात. माणसाला वाटतं, हात बरा झाला. आतली शिवण मात्र या काळात फार कच्ची असते. सगळ्यात जास्त जपायचे दिवस हेच. स्प्लिंट दिवसा आणि रात्रीही अंगावर हवी. व्यायाम स्प्लिंटच्या आतच करायचा. चांगल्या हाताने दुखरं बोट अलगद तळहाताकडे वाकवा, मग छपराला टेकेपर्यंत सरळ होऊ द्या. किती वेळा, दर किती तासांनी, हे तज्ज्ञ सांगतील तेवढंच. काही ठिकाणी या काळातच बोट स्वतःहून थोडं वाकवायला सांगतात. ते सांगितल्याशिवाय करायचं नाही.

चौथा ते सहावा आठवडा. स्प्लिंट चालूच. स्वतःच्या जोराने बोट वाकवण्याचा व्यायाम हळूहळू वाढतो. हातात काही धरायचं नाही.

सहावा ते आठवा आठवडा. दिवसा स्प्लिंट निघते, रात्री किंवा एस.टी.च्या गर्दीत जाताना बहुधा ठेवतात. जेवणं, बटण लावणं, कागद उचलणं चालतं. इथे पुष्कळांचा घात होतो. स्प्लिंट निघाली म्हणजे हात मोकळा झाला असं समजून माणूस बादली उचलतो आणि शिवण तुटते.

आठवा ते बारावा आठवडा. हलका जोर. मऊ फडकं पिळणं, पुढे पुढे कणीक मळणं.

बाराव्या आठवड्यानंतर. कोयता, फावडं, बादली, फवारणी पंप, बैलाचा कासरा हे हळूहळू हातात घ्या. पहिल्याच दिवशी दिवसभर नको. आखडलेपणा कमी होत राहायला आणखी काही महिने लागतात. तेव्हा तिसऱ्या महिन्यात मूठ पुरी मिटली नाही म्हणून निराश होऊ नका.

धार काढण्याविषयी वेगळं सांगतो. धार काढताना बोट वाकवणाऱ्या कंडरेवरच सगळा जोर येतो. "एका म्हशीची तर काढायची" असं म्हणून सहाव्या आठवड्यात बसू नका. मोटारसायकलचा क्लच आणि ब्रेक दाबणंही त्यातलंच.

कंडरा पाठीवरची असेल तर

हाताच्या पाठीवर घाव बसून बोट सरळ करणारी कंडरा तुटली, तर स्प्लिंट तळहाताच्या बाजूने बसते आणि बोटं वर उचलून धरते. वरचे नियम तिथे उलटे होतात. म्हणून शेजाऱ्याने सांगितलेला व्यायाम आपल्या हातावर करू नका.

कधी बोटाच्या टोकावर फटका बसून शेवटचं पेर खाली लोंबतं. जखमही दिसत नाही. त्याला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. छोटी स्प्लिंट लावून ते पेर सहा ते आठ आठवडे सतत सरळ ठेवतात. स्प्लिंट धुवायला काढली तरी बोट टेबलावर सरळ टेकलेलं हवं. एकदा जरी पेर वाकलं तरी दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात.

लहान मुलांची तऱ्हा निराळी. व्यायामाचं माप त्यांना कळत नाही. म्हणून त्यांना बहुधा कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घालून सुमारे चार आठवडे विश्रांती देतात.

स्प्लिंटची निगा

प्लास्टिकची स्प्लिंट उन्हात, पत्र्यावर, चुलीजवळ, गाडीच्या सीटवर ठेवू नका. गरम पाण्याने धुवू नका. साधारण ६५ ते ७० अंश उष्णतेला ती मऊ होऊन आकार सोडते. आंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी बांधा. आत सुती मोजा घाला म्हणजे घाम टिपला जातो. बोटं निळी पडली, बधिर झाली, कुठे लालसर घट्टा पडला तर पट्टी फार आवळली आहे किंवा स्प्लिंट बोचते आहे. घरी कापू-तासू नका. तज्ज्ञाकडून दुरुस्त करून घ्या. सूज उतरली की ती सैल पडते, तेव्हाही दाखवा.

जखम पूर्ण भरल्यावर, सांगितल्याप्रमाणे, व्रणावर खोबरेल तेलाने अंगठ्याने गोल मालीश करा. व्रण मऊ पडतो. मात्र हाडवैद्याकडे नेऊन जोराची मालीश किंवा ओढाओढ करू नका.

विडी, तंबाखू, मिश्री या काळात बंद ठेवा. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि जखम भरायला रक्त कमी पडतं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा.

नस कापली असेल तर बोटाला चटका कळत नाही. भगिनींनो, भाकरी थापताना आणि तव्यावर उलटताना ते बोट दूर ठेवा. भाजल्यावर फोड दिसेल, पण दुखणार नाही.

केव्हा धावत जायचं?

बोट चांगलं वाकत होतं आणि एकाएकी वाकेनासं झालं, किंवा आत टक् असं काही तुटल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लगेच गेलात तर पुन्हा शिवता येण्याची आशा असते. पू, ताप, वाढती सूज, ठणका असेल तरीही थांबू नका.

घरच्यांनी आणि गावाने काय करावं?

बारा आठवडे हा शेतकऱ्याला लहान काळ नाही. त्यात एक हंगाम बसतो. पण सहा आठवडे घाई केली तर पुढची तीस-चाळीस वर्षं वाकड्या बोटाने काढावी लागतात. हा हिशोब घरात सगळ्यांनी मिळून करावा. पैरा आणि इर्जिक आपल्याला नवे नाहीत. भावकीतल्या एकाने धार काढावी, एकाने पाणी द्यावं. त्याच्या आजारपणात तुम्ही जाल.

ऊसतोड मजुरांविषयी बागायतदारांना मुद्दाम सांगायचं आहे. त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकाचं बोट गेलं की कोयताच मोडतो. डोक्यावर मुकादमाची उचल असते, म्हणून तो मजूर चिंधी बांधून कामाला येतो. पाच दिवसांनी टोळी पुढच्या गावाला जाते आणि त्याची शिवण्याची वेळ निघून जाते. तुमच्या फडात कुणाचा हात कापला तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. मुकादमाला समजावून सांगा. शस्त्रक्रिया झाली तर पुढची तारीख आणि कागद त्याच्या हातात द्या, म्हणजे टोळी दुसऱ्या तालुक्यात गेली तरी तिथल्या दवाखान्यात दाखवता येईल.

आणि अपघात टाळणं सगळ्यात स्वस्त. कडबाकुट्टीत शेवटची पेंढी हाताने लोटू नका, दुसऱ्या धाटाने लोटा. काम झालं की चाकाला साखळी-कुलूप लावा, मुलं तिथेच खेळतात. पात्यात अडकलेलं वैरण काढायच्या आधी मोटार बंद करा. सैल बाही आणि पदर खोचून घ्या. अंधारात कुट्टी करू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. बोट वाकत नसेल तर जखम लहान असली तरी सर्जनला दाखवा.
२. जखमेत हळद, चुना, तंबाखू भरू नका.
३. पहिले काही दिवस मोलाचे. हंगामासाठी थांबू नका.
४. स्प्लिंट सांगितल्याशिवाय काढू नका, उन्हात ठेवू नका.
५. व्यायाम रोज, मापात, स्प्लिंटच्या आत.
६. स्प्लिंट निघाली तरी बारा आठवड्यांपर्यंत भार उचलू नका, धार काढू नका.
७. बोट एकाएकी वाकेनासं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

हे पत्रक वाचून झालं की दाराच्या मागे, कडबाकुट्टीच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.